प्रभू मार्ग दाखवील



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर 'ख्रिस्ती जीवनातील ईश्वरी मार्गदर्शन' अशा भारदस्त शब्दांत छापला आहे. आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांच्या घरात त्यासाठी एक साधे वाक्य आहे : 'प्रभू मार्ग दाखवील.' मुलीचे लग्न जुळत नसेल, मुलाला नोकरी लागत नसेल, बदलीचा हुकूम हातात पडला असेल, वडिलार्जित घर ठेवावे की विकावे याची बोलणी चालली असतील, किंवा घरचे माणूस दवाखान्यात असेल आणि डॉक्टर काही स्पष्ट सांगत नसतील, अशा वेळी रात्रीची कौटुंबिक उपासना आटोपल्यावर घरातले वडील माणूस हे वाक्य उच्चारते आणि सगळे निजायला जातात. आम्ही ते इतक्या वेळा बोलतो की मार्ग दाखवील म्हणजे नेमके काय करील, आणि त्याने दाखवला हे आपल्याला कळणार कसे, हा प्रश्न सहसा कोणी काढीत नाही. आज तो काढावा असे आम्ही योजिले आहे.

समोर बसलेल्या श्रोत्यांपैकी पुष्कळांना ही भाषा परकी वाटू नये. वारकऱ्याच्या घरी हीच गोष्ट पांडुरंगाच्या नावाने बोलली जाते. कोकणातल्या माणसाला तर देवाला विचारून पाऊल टाकण्याची रीत चांगली ठाऊक आहे. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो, आणि उजवी पडली की डावी यावरून कौल मिळाला की नाही ते ठरते. ख्रिस्ती माणूसही माणूसच आहे. त्यालाही असा कौल हवासा वाटतो. पवित्र शास्त्रातच गिदोनाची गोष्ट आहे. त्याने खळ्यात लोकर ठेवली आणि देवाला विनविले, की एका रात्री लोकर भिजू दे व भुई कोरडी राहू दे, आणि दुसऱ्या रात्री याच्या उलट होऊ दे. येशूच्या शिष्यांनी यहूदाच्या जागी नवा प्रेषित निवडताना चिठ्ठ्या टाकल्या, त्यांत मत्थियाचे नाव निघाले. आजही कित्येक घरांत बायबलमधील वचनांच्या चिठ्ठ्यांची लहानशी पेटी असते. सकाळी उठून त्यांतली एक काढून वाचावी, दिवसभर मनात घोळवावी, यात काही वावगे नाही. पण घर विकायचे की नाही हे त्या चिठ्ठीवरून ठरवू लागलो, किंवा डोळे मिटून शास्त्र उघडले आणि बोट पडेल त्या ओळीवरून मुलीचे स्थळ पसंत केले, तर गिदोनाच्या लोकरीपाशीच आपण अडकून पडलो असे म्हणावे लागेल. मत्थियाच्या निवडीनंतर लगेच पवित्र आत्म्याच्या आगमनाची हकीकत येते. आणि त्यानंतर प्रेषितांनी पुन्हा कधी चिठ्ठ्या टाकल्याचा उल्लेख सबंध पुस्तकात नाही. हे लक्षात घेण्यासारखे आहे.

चिठ्ठ्यांचा नाद थोरामोठ्यांनाही सुटलेला नाही. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली तरुणपणी अमेरिकेतील जॉर्जियाच्या वसाहतीत धर्मोपदेशक होता. तेथे सोफी हॉपकी नावाच्या मुलीवर त्याचे मन बसले. लग्न करावे तर धर्मकार्यात अडथळा येईल, न करावे तर मन राहीना. शेवटी मार्च १७३७ मध्ये त्याने आणि त्याच्या एका सोबत्याने प्रार्थना करून तीन चिठ्ठ्या लिहिल्या. लग्न करावे ही एक, यंदा हा विचार करू नये ही दुसरी, आणि पुन्हा विचारच करू नये ही तिसरी. तिसरी निघाली. वेस्लीने ती शिरसावंद्य मानली. त्या मुलीने काही दिवसांतच दुसऱ्याशी लग्न केले. पुढे याच वेस्लीने तिला प्रभुभोजन नाकारले, तिच्याकडच्या माणसांनी त्याला कोर्टात खेचले, आणि वर्ष संपण्यापूर्वी त्याला ती वसाहत सोडून निघावे लागले. चिठ्ठी निघाली, पण मनातले काही निघाले नाही, असाच हा प्रकार झाला. आम्हांला या गोष्टीत दुसरेच काही खटकते. तीन चिठ्ठ्या झाल्या, प्रार्थना झाली, देवाला विचारले. त्या मुलीला मात्र कोणी विचारले नाही. मार्ग तिच्याही आयुष्याचा होता.

मग चिठ्ठी टाकून द्यावी आणि मनात जी ऊर्मी उठेल तिला देवाचा आवाज मानावे काय? हे तर त्याहून धोक्याचे. मनाला स्वतःची इच्छा देवाच्या तोंडी घालण्याची कला फार चांगली अवगत असते. या बाबतीत येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा अनुभव उपयोगी आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला आणि तो महिनोगणती अंथरुणाला खिळला. वाचायला त्याला वीरांच्या कथा हव्या होत्या. घरात सापडली ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रे. पडल्यापडल्या तो कधी शूर सरदार होण्याची स्वप्ने रंगवी, कधी संतांसारखे व्हावे असे मनात आणी. रंगवताना दोन्ही गोड वाटत. पण पहिली ओसरली की मन रुक्ष होई, आणि दुसरी ओसरल्यावरही समाधान मागे राही. हा फरक ध्यानात यायला त्याला बरेच दिवस लागले. एखादी गोष्ट देवाकडून आहे की नाही हे ती मनात येताक्षणी कळत नाही, तिची चव मागाहून पाहावी लागते, हा त्याचा धडा. हा इग्नेशियस म्हणजे १५४२ साली गोव्यात उतरलेल्या फ्रान्सिस झेवियरचा वडीलबंधूसमान सोबती. तेव्हा तो आपल्याला अगदीच लांबचा नाही.

आता या विषयाचे मर्म आम्हांला जेथे सापडते तेथे येऊ. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात पौल आणि त्याचे सोबती आशिया मायनरमधून प्रवास करीत आहेत. एका प्रांतात जाऊ पाहतात, तेथे अडतात. दुसरीकडे वळतात, तेही जमत नाही. असे करीत करीत ते समुद्रकाठच्या त्रोवस गावी येऊन पोहोचतात. पुढे पाणी. देवाच्या आज्ञेत चालणारी ही माणसे, आणि त्यांना मिळाले काय, तर दोन नकार! रात्री पौलाला दृष्टान्त होतो, की मासेदोनियाचा एक मनुष्य उभा राहून आपल्याला मदतीला बोलावीत आहे. गंमत पुढे आहे. येथपर्यंत ग्रंथकर्ता 'ते गेले, ते आले' असे लिहीत असतो. या ठिकाणी तो एकाएकी 'आम्ही' म्हणू लागतो. दृष्टान्त झाला एकट्या पौलाला. पण देवाने तिकडे बोलावले आहे असे अनुमान काढले ते 'आम्ही'. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ एकत्र आणणे, जुळवून पाहणे असा आहे. दोन बंद वाटा, पुढचा समुद्र, रात्रीचे स्वप्न आणि सोबत्यांची अक्कल, हे सगळे त्यांनी शेजारी शेजारी मांडले आणि मग जहाजाची चौकशी केली.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण आमचे प्रवचनकार पुष्कळदा त्रोवसलाच थांबतात. मासेदोनियात फिलिप्पै शहरी पोहोचल्यावर त्यांना स्वप्नातला तो मनुष्य भेटला नाही. नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या काही बायका भेटल्या. त्यांत जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया होती. तिने त्यांना घरी नेले. थोड्याच दिवसांत पौल आणि सीला यांना भर चौकात फटके बसले आणि पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकले गेले. देवाने दाखवलेल्या वाटेने गेल्यावर हे! एखाद्या कामात अडचण आली म्हणजे ते देवाच्या मनात नव्हते, आणि सुरळीत पार पडले म्हणजे होते, असा हिशेब आपण सर्रास करतो. फिलिप्पैच्या तुरुंगात तो हिशेब चुकतो.

या 'आम्ही'चा आम्ही एवढा आग्रह धरतो त्याला कारण आहे. 'मला प्रभूने सांगितले' असे कोणी म्हटले की आमच्याकडे चर्चाच संपते. मंडळीतल्या पुढाऱ्याने म्हटले तर पंचांची तोंडे बंद होतात, घरातल्या कर्त्या पुरुषाने म्हटले तर बायकोमुलांची. कोणी त्या आधारावर कर्ज काढतो, कोणी आजाऱ्याचे औषध बंद करतो. देवाशी कोण वाद घालणार? वस्तुतः वाद त्या माणसाशी असतो. पण त्याने आपले मत अशा उंच जागी नेऊन ठेवलेले असते की इतरांचा हात तेथे पोहोचत नाही.

एका घरात दोघांपैकी एकालाच बोलावणे आले तर काय होते, हे मराठी वाचकांना निराळे सांगायला नको. 'स्मृतिचित्रे' घरोघरी वाचलेले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने नव्या कराराची प्रत दिली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांची हाक खरी होती, याविषयी आम्हांला शंका नाही. पण त्या दिवशी लक्ष्मीबाईंवर जे कोसळले तेही तितकेच खरे होते. त्या त्रोवसला नव्हत्याच! पुढे नवऱ्याजवळ परत आल्यावरही त्यांनी काही काळ आपले सोवळेओवळे सोडले नव्हते. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. बाईंनी स्वतःच्या डोक्याने विचार केला, एकेक गोष्ट सोडली, एकेक धरली, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. टिळकांच्या घरात 'आम्ही' तयार व्हायला पाच वर्षे लागली. तेवढी वर्षे वाट पाहिली हे टिळकांचे मोठेपण, आणि घाई केली नाही हे लक्ष्मीबाईंचे. टिळकांचा देवावरचा भरवसा असा, की हाती आलेला पैसा दुसऱ्या गरजूच्या हाती जायला वेळ लागत नसे. उद्याच्या चुलीची काळजी लक्ष्मीबाईंकडे. नवऱ्याच्या विश्वासाचे ओझे कित्येकदा बायको उचलीत असते, ही गोष्ट चरित्रकार सांगत नाहीत. लक्ष्मीबाईंनी ती हसत हसत सांगितली आहे.

पैशाची गोष्ट निघाली म्हणून ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरकडे वळतो. जन्माने प्रशियन असलेल्या या माणसाने १८३६ साली इंग्लंडात ब्रिस्टल येथे अनाथ मुलांसाठी एका भाड्याच्या घरात आश्रम काढला आणि एक विलक्षण नियम घातला. गरज असेल ती देवाला सांगायची, माणसाकडे मागायचे नाही. १८९८ साली तो वारला तोवर दहा हजारांवर मुले त्याच्या आश्रमांत वाढून गेली होती आणि शहराबाहेर टेकडीवर पाच प्रचंड इमारती उभ्या होत्या. हे एवढेच सांगितले तर चमत्काराची गोष्ट होते, आणि आमच्या मंडळींत ती तशीच सांगितली जाते. दुसरी बाजू अशी, की आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद होई, पावती दिली जाई, वर्षाचा जमाखर्च छापून प्रसिद्ध होई, आणि उधारीवर काही आणायचे नाही असा कडक दंडक होता. १८४१ च्या अखेरीस आश्रमात पैशांची फार ओढ होती. वार्षिक अहवालाची आणि सभेची वेळ झाली होती. अहवाल काढला असता लोकांना तंगी कळली असती आणि देणग्या आल्या असत्या. म्यूलरने नेमके त्याच कारणासाठी अहवाल आणि सभा दोन्ही लांबणीवर टाकल्या. आपल्या भरवशाच्या आड लपून आपण मागत तर नाही ना, याची त्याला एवढी धास्ती! निर्णय घेण्याची त्याची रीतही अशीच चोख होती. त्या बाबतीत स्वतःचा हट्ट उरला नाही इतके मन आधी मोकळे करायचे, नुसत्या भावनेवर विसंबायचे नाही, शास्त्र पाहायचे, परिस्थिती पाहायची, प्रार्थना करायची, आणि मग आपल्या बुद्धीला होईल तितका नीट विचार करून ठरवायचे. यांत सगळ्यांत अवघड पहिली पायरी आहे. ती टाळून बाकीच्या सगळ्या चढणारे पुष्कळ भेटतात.

या म्यूलरची हकीकत, आणि तिच्याबरोबर चीनमध्ये काम केलेल्या हडसन टेलरची व दक्षिण समुद्रातील बेटांवर गेलेल्या जॉन पेटनची हकीकत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात एक बाई वाचीत होत्या. त्या पंडिता रमाबाई. परदेशांत देवावर असा भरवसा ठेवता येतो, मग हिंदुस्थानात का येऊ नये, असा प्रश्न त्यांना पडला. असे काम येथे कोणीतरी काढावे असे त्यांना वाटू लागले; आणि मग, ते कोणीतरी आपणच का नसावे, असे मनाने विचारले.

हा प्रश्न रमाबाईंनी विचारावा याला विशेष अर्थ आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे अत्यंत श्रद्धाळू पंडित. तीर्थयात्रा, दानधर्म, पुराणकथन यांत त्यांनी असेल नसेल ते वेचले. १८७० नंतरच्या दुष्काळात त्या कुटुंबावर अन्नान्नदशा आली. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री पायी हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. पुढे दोन वर्षांत भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. देवावर हवाला ठेवून उपाशी मेलेली माणसे या बाईने डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती तिची स्वतःची होती. म्हणून 'प्रभू चालवील' हे शब्द जेव्हा रमाबाईंच्या तोंडी येतात, तेव्हा ते आमच्या निजण्यापूर्वीच्या वाक्यासारखे स्वस्त नसतात.

त्यांच्या मार्गदर्शनाच्या विश्वासाची एक परीक्षा आधीच झाली होती, आणि ती अप्रिय असली तरी पुण्याचे नाव निघाल्यावर टाळता येत नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. येथे धर्म शिकवला जाणार नाही असे अभिवचन होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ साली त्यावरून गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेच हे रानडे. तेव्हा या व्यासपीठावरून त्यांची बाजू नीट सांगणे आमचे कर्तव्य आहे. त्यांचे म्हणणे असे, की समाजाने ज्या अटीवर मुली सोपवल्या ती अट अक्षरात नव्हे तर आशयात पाळली पाहिजे. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला बोलावीत नाही, पण माझ्या घरात माझ्या देवाची प्रार्थना करताना दाराला कडी लावणार नाही. आम्हांला विचाराल तर दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. एवढे मात्र आम्ही म्हणू, की उघडे दार रमाबाईंच्या दृष्टीने कितीही निर्मळ असले तरी आश्रित मुलीच्या दृष्टीने ते तितके निर्मळ नसते. जिच्या हातचे आपण खातो तिच्या प्रार्थनेला जाऊन बसावे असे वाटणे साहजिक आहे. देवाच्या नावाने काम करणाऱ्याला हा विचार दुसऱ्याने सांगावा लागतो, आणि रानडे-भांडारकरांनी तो सांगितला. बॉस्टनच्या मंडळाने मात्र रमाबाईंवरील विश्वास ढळू दिला नाही.

त्यांना पैसा येई तो या बॉस्टनच्या मंडळाकडून, आणि तोही दहा वर्षांच्या हमीवर. ती संपल्यावर काय, याची तरतूद म्हणून रमाबाईंनी पुण्याहून सुमारे पंचावन्न किलोमीटरवर केडगाव स्टेशनजवळ शंभरेक एकर जमीन घेतली आणि फळझाडे लावली. विश्वासाने चालणारी बाई हमी संपण्यापूर्वीच बागेची योजना करते, हे पाहण्यासारखे आहे. झाडे लावली म्हणून तिचा भरवसा कमी झाला नाही, आणि भरवसा आहे म्हणून तिने झाडे लावायची ठेवली नाहीत.

पण जमीन फळांसाठी घेतली आणि लागली भलत्याच कामाला. १८९६-९७ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातम्या आल्या तशा रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीचे आपले दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या. रस्त्यावरच्या, धर्मशाळांतल्या, मदतछावण्यांतल्या मुली पाहिल्या. त्यांना कोण कशासाठी उचलून नेत आहे तेही पाहिले. तीनशे मुली वाचवायच्या असे प्रभूने आपल्या मनात घातले आहे, असे त्यांनी जाहीर केले. त्या वेळी त्यांच्याजवळ पन्नासांचे अन्नवस्त्र जेमतेम चालेल इतका पैसा होता. लोकांनी विचारले, बाई, पोसणार कशा? त्यांचे उत्तर असे, की ते मला ठाऊक नाही, मुली कोठे आहेत ते ठाऊक आहे. उत्तराचे शब्द आमचे, आशय त्यांचा.

मुली आल्या, आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. अधिकाऱ्यांनी नवीन मुली शहरात ठेवण्यास मनाई केली. पौलाच्या दोन बंद वाटांसारखीच ही एक. रमाबाईंनी मुलींना केडगावला हलवले. तेथे इमारत कसली, तात्पुरते निवारे घातले, आणि फळबागेच्या जमिनीवर पोरींचे बिऱ्हाड पडले. आधी घेतलेली जमीन नंतर आलेल्या संकटात उपयोगी पडली, यात श्रद्धाळू माणसाला देवाचा हात दिसेल आणि दुसऱ्याला बाईची दूरदृष्टी दिसेल. आम्हांला या दोहोंत भांडण लावण्याचे कारण दिसत नाही.

या गडबडीत त्या गप्पही बसल्या नाहीत. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची जी हेळसांड चालली होती तिच्याविरुद्ध त्यांनी १८९७ साली 'बाँबे गार्डियन' पत्रात उघड पत्र लिहिले. ते इतके झोंबले की विलायतेत पार्लमेंटापर्यंत प्रश्न गेला. सरकारची मर्जी गेली तर आश्रमाचे काय होईल, हा हिशेब त्यांनी केला नाही. देवाच्या इच्छेला मान तुकवणारे लोक माणसांपुढेही मान तुकवतात अशी एक समजूत आहे. ती रमाबाईंच्या चरित्रात टिकत नाही.

१८९८ मध्ये दहा वर्षांची हमी संपली आणि त्याच वर्षी केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आश्रमाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार तोंडे म्हणजे रोज किती भाकऱ्या, किती घागरी पाणी, किती लुगडी, याचा विचार गृहिणींनी करून पाहावा. तेथे हातमाग होते, तेलाचे घाणे होते, गाई होत्या, शेती होती, छापखाना होता. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवीत. प्रार्थना होतीच, पहाटेपासून होती. पण ती करून उठल्यावर प्रत्येकीला कोठे जायचे, काय करायचे हे ठरलेले होते. 'प्रभू मार्ग दाखवील' याचा अर्थ केडगावात पुष्कळदा एवढाच असे, की आजचे दळण आज झाले पाहिजे.

आता शेवटचा भाग, आणि तो आम्हांला सर्वांत कठीण वाटतो. सुखरूप पार पडलेल्या गोष्टींत मार्गदर्शन पाहणे सोपे असते. रमाबाईंच्या मागे काम मनोरमाबाईंनी चालवायचे असे सर्वांनी गृहीत धरले होते. इंग्लंड-अमेरिकेत शिकलेली, आईच्या हाताखाली तयार झालेली ही मुलगी २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारली. आई मागे राहिली. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलते एक मूल. येथे कोणते मार्गदर्शन होते, असे कोणी आम्हांला विचारले तर आमच्याजवळ उत्तर नाही, आणि ज्याच्याजवळ असेल त्याच्यावर आमचा फारसा विश्वास बसणार नाही. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने समोरचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली होती, आणि तो टळला नाही. बापाची इच्छा पुरी होवो हे त्याचे शब्द त्या प्रार्थनेनंतरचे आहेत. ते आधी म्हणून प्रार्थना उरकून टाकण्यासाठी नव्हते. आमच्या घरांत मात्र मयताच्या बिऱ्हाडी आलेली माणसे ते शब्द आधीच म्हणून टाकतात, आणि रडणाऱ्याला रडायलाही सवड ठेवीत नाहीत.

मुलगी गेल्यावर रमाबाई काय करीत होत्या, एवढे मात्र सांगता येते. प्रूफे तपासत होत्या. अशिक्षित बाईलाही कळेल अशा साध्या मराठीत सबंध बायबल मूळ भाषांतून उतरवायचे हे काम त्यांनी १९०५ च्या सुमारास हाती घेतले होते. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतात पंडिता ही पदवी मिळवलेल्या बाईने भाषांतरात संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. दुष्काळातून आणलेल्या मुलींपैकी कित्येकजणी एव्हाना केडगावच्या छापखान्यात मराठी, हिब्रू आणि ग्रीक खिळे जुळवायला शिकल्या होत्या. ते काम पुढे आश्रमातल्या स्त्रियांनी चालू ठेवले, आणि १९२४ साली ते बायबल छापून बाहेर पडले.

घड्याळ पुढे गेले आहे, आणि श्रोत्यांपैकी काहींना प्रश्न विचारायचे आहेत असे चालकांनी चिठ्ठी पाठवून कळवले आहे. ही चिठ्ठी मानण्यास आमची काही हरकत नाही. अध्यक्ष महाराजांच्या परवानगीने येथेच थांबतो.